परसात गुलाबी वेली गुलाब

नेसरीकडच्या पावसात गुलाब जगवायचा, तर आधी पाण्याचा निचरा बघा. गडहिंग्लज तालुक्याच्या या भागात मुळाशी पाणी साचलं की फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. म्हणून रोप भिंतीपासून हातभर दूर, उंचवट्यावर लावा. खड्ड्यात मुरलेलं शेणखत घाला, ताजं शेण नको. डोळा भरलेल्या जागेखालून, खुंटाला फुटलेला कोंब दिसताच मुळाशी काढा. तो वाढू दिला तर अस्सल जात मरते आणि रानगुलाब उरतो.

वेली गुलाबाला तणावे नसतात, त्यामुळे त्याला बांधूनच चढवावं लागतं. यातली खरी किमया फांदी आडवी करण्यात आहे. सरळ उभ्या फांदीला फुलं फक्त शेंड्याला येतात. तीच कोवळी असताना हळूहळू वाकवून ताटीवर आडवी, सैल सुतळीने बांधली, तर प्रत्येक पेरातून आखूड फूट निघते आणि तिच्यावर फुलं लागतात. चार हातांच्या कुंपणालाही एवढं एक झाड पुरतं.

पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडतात. ती पानं वेचून जाळावीत, पाणी बुंध्याशीच द्यावं. ऑक्टोबरात साध्या गुलाबासारखी सरसकट छाटणी मात्र करू नये; वाळलेलं आणि जुनं लाकूड तेवढं काढावं, कापावर बोर्डो पेस्ट लावावी.

फिकट गुलाबी फुलांची ‘न्यू डॉन’ ही जात जगप्रसिद्ध आहे. अमेरिकेत वनस्पतीला दिलेलं पहिलं पेटंट, 1931 साली, याच वेली गुलाबाला मिळालं.