दहा रुपयांचा अर्ज

२००७ सालची गोष्ट. ‘रॉकेल आलं नाही’ ऐकून कान किटले होते. शेवटी तहसीलमध्ये माहिती अधिकाराचा अर्ज दिला, १० रुपयांचा स्टॅम्प लावून. ‘वहिनी, कशाला भानगडीत पडता?’ कारकून म्हणाला. ३० दिवसांच्या आत कागद हातात! माझ्या कार्डावर दरमहा रॉकेल उचललेलं!

दिल्लीपर्यंतचा कारभार सुधारायचा तर आधी हिशेब उघडा हवा, हे राजस्थानातल्या मजूर बायका-पुरुषांनी ओळखलं. अरुणा रॉय यांच्यासोबत १९९६ मध्ये ते ब्यावरला ४० दिवस धरणं धरून बसले. २००५ मध्ये देशभर कायदा आला. २०१३ मध्ये लोकपालाचाही झाला. पण माझा भरवसा, खरं सांगू, त्या स्टॅम्पवरच!

पुढच्या महिन्यात दुकानदारानेच हाक मारली, ‘वहिनी, रॉकेल आलंय.’ शेजारच्या काकूंना मात्र नाहीच. त्यांचाही अर्ज मग मीच लिहून दिला.