भाकरीचे शहर ताश्कंद

ताश्कंद हे नाव आपल्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींना माहीत असते ते एकाच कारणाने. १० जानेवारी १९६६ रोजी भारत-पाकिस्तान करारावर तेथे सह्या झाल्या आणि मध्यरात्र उलटल्यावर पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचे तेथेच निधन झाले. शास्त्रीजींचा पुतळा त्या शहरात आहे, त्यांच्या नावाचा रस्ताही आहे. भारतातून जाणारा प्रवासी पुतळ्यापुढे दोन फुले वाहतो आणि समरकंद-बुखाऱ्याचे निळे घुमट पाहायला पुढे निघून जातो. आमचे म्हणणे असे, की ताश्कंदला निदान दोन दिवस तरी द्यावेत. पाहण्यासारखे आणि खाण्यासारखे तेथे पुष्कळ आहेच. पण वेगवेगळ्या काळी घरादाराला मुकलेल्या माणसांना या शहराने कसे पोटाशी घेतले, हे तेथे डोळ्यांनी पाहता येते.

ताश्कंद ही उझबेकिस्तानची राजधानी. 'ताश' म्हणजे दगड आणि 'कंद' म्हणजे नगर. दिल्लीहून विमानाने साधारण तीन तासांचे अंतर. वस्ती सुमारे तीस लाख. १९९१ पर्यंत हा देश सोव्हिएत संघराज्यात होता. उझबेक लोक बहुसंख्य, पण रस्त्यावर रशियन, ताजिक, तातार, कझाक, उइघूर, कोरियन असे नाना चेहरे दिसतात. दुकानदार एका गिऱ्हाइकाशी उझबेकमध्ये आणि दुसऱ्याशी रशियनमध्ये बोलतो.

भूकंपातून उठलेले शहर

जुन्या इमारती पाहायला आलेला माणूस प्रथम थोडा निराश होतो. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, चौकोनी इमारती असेच चित्र जास्त. त्याचे कारण २६ एप्रिल १९६६. पहाटे ५ वाजून २३ मिनिटांनी शहराच्या ऐन पोटात भूकंप झाला. कच्च्या विटांची घरे बसली आणि सुमारे तीन लाख माणसे उघड्यावर आली. मग सोव्हिएत संघराज्याच्या सर्व भागांतून गवंडी, सुतार, इंजिनिअर आगगाड्या भरभरून आले. तंबूत राहिले आणि त्यांनी वस्त्या उभ्या केल्या. काम संपल्यावर त्यांतले कितीतरी परत गेलेच नाहीत.

या घटनेचे स्मारक पाहण्यासारखे आहे. काळ्या दगडाचा एक ठोकळा, त्यावर घड्याळ, घड्याळात ती पहाटेची वेळ आणि दगड दुभंगलेला. ती भेग थेट एका स्त्री-पुरुषाच्या पुतळ्यापर्यंत जाते. बाई मुलाला छातीशी धरून उभी आहे आणि पुरुष दोघांच्या पुढे आडवा झाला आहे. नवी लग्न झालेली जोडपी येथे फुले ठेवतात.

अलीशेर नवाई यांच्या नावाचे नाट्यगृह मात्र त्या भूकंपात टिकले. १९४७ मध्ये ते खुले झाले. त्याच्या बांधकामावर महायुद्धात पकडलेले जपानी सैनिक मजूर म्हणून राबले होते. कैदी असूनही त्यांनी काम चोख केले, ही आठवण शहराने जपली आहे. तेथील पाटीवर त्यांच्या कष्टांचा उल्लेख आहे. ज्यांनी दगड रचले त्यांची नोंद इमारतीवर असावी, ही गोष्ट कष्टकरी माणसाला समाधान देते.

भुयारी रेल्वेही अवश्य पाहावी. मध्य आशियातील ही पहिली मेट्रो १९७७ मध्ये सुरू झाली. प्रत्येक स्टेशनाची सजावट वेगळी. 'कोस्मोनावत्लार' स्टेशनात निळ्या भिंतींवर युरी गागारीन आणि वालेंतिना तेरेश्कोवा यांच्या प्रतिमा आहेत. २०१८ पर्यंत येथे फोटो काढायला बंदी होती, ती आता उठली आहे.

चोरसू बाजार

ताश्कंदचा जीव चोरसू बाजारात आहे. 'चोर' म्हणजे आपले चार आणि 'सू' म्हणजे बाजू. प्रचंड निळ्या घुमटाखाली मांसाचे गाळे, भोवती भाज्या, मसाले, सुका मेवा, खरबुजांचे ढीग. आपल्या माणसाला येथे परके वाटत नाही. बाजाराला ते 'बोझोर' म्हणतात, कांद्याला 'पियोझ', जिऱ्याला 'झिरा', साखरेला 'शकर', चहाला 'चोय', पाहुण्याला 'मेहमोन'. एकच सावधगिरी: 'सब्जी' मागाल तर हातात गाजर पडेल, कारण तेथे 'सब्जी' म्हणजे गाजर!

बाजाराच्या कडेला तंदूर पेटलेले असतात. येथील रोटी म्हणजे 'नोन'. गोल, जाड काठाची आणि मध्ये ठशाने टोचलेली नक्षी. रोटीला सुरी लावायची नाही, हाताने मोडायची आणि सर्वांच्या पुढ्यात ठेवायची, अशी रीत. ती कधी उलटी ठेवत नाहीत. एका रोटीवाल्या आजीबाईंसमोर आमच्यातल्या एकाने रोटी पालथी ठेवली, तेव्हा त्यांनी काही न बोलता ती उचलून सरळ केली आणि हसल्या. अन्नाचा मान कसा राखावा हे आम्हाला न बोलता कळले.

याच भाकरीमुळे ताश्कंदला जुने नाव मिळाले आहे. १९२१ च्या सुमारास व्होल्गा नदीच्या प्रदेशात भयंकर दुष्काळ पडला. त्यावर अलेक्सांद्र नेवेरोव या रशियन लेखकाने १९२३ मध्ये कादंबरी लिहिली. तिच्यातला उपाशी मुलगा घरच्यांसाठी धान्य आणायला ताश्कंदची वाट धरतो. कादंबरीचे नावच 'ताश्कंद, भाकरीचे शहर'.

गाजराच्या कोशिंबिरीमागची कहाणी

चोरसूत कोशिंबिरी विकणाऱ्या बायका रांगेने बसलेल्या दिसतात. त्यांच्याकडची सर्वांत खपाची कोशिंबीर गाजराची. गाजराचे लांब, बारीक काप, त्यात व्हिनेगर, लसूण, धणे, लाल तिखट आणि वरून कडकडीत तेल. तिला म्हणतात 'कोरियन गाजर'. गंमत अशी, की खुद्द कोरियात ही कोशिंबीर नव्हती.

तिचा जन्म दुःखातून झाला. १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने सोव्हिएत देशाच्या अतिपूर्वेकडील सुमारे १,७२,००० कोरियन लोकांना जपानचे हेर ठरवून मालगाड्यांत कोंबले आणि हजारो किलोमीटर दूर कझाकस्तान-उझबेकिस्तानात आणून सोडले. वाटेत आणि पहिल्या हिवाळ्यात म्हातारी माणसे व तान्ही मुले मोठ्या संख्येने दगावली. जे जगले त्यांनी दलदली उपसून भाताची शेती केली. त्यांच्या जेवणात किमची हवीच, पण तिला लागणारी चिनी कोबी येथे मिळेना. तेव्हा गाजर पुष्कळ होते, त्याचीच किमची केली. आज उझबेक, रशियन, तातार कोणाच्याही घरी समारंभ असो, ताटात ही कोशिंबीर असतेच. ज्यांना हेर म्हणून हाकलले, त्यांच्या हातची चव सगळ्यांची झाली.

पंधरा मुलांचा लोहार

दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा पुढे सरकू लागल्या, तसे रशिया-युक्रेनमधून लाखो लोक मध्य आशियात आले. त्यांत हजारो अनाथ मुले होती. शाअहमद शामहमुदोव या ताश्कंदच्या लोहाराने आणि त्याच्या पत्नी बहरी अक्रमोवा यांनी त्यांतली पंधरा मुले आपल्या घरी नेली. मुले वेगवेगळ्या वंशांची, वेगवेगळ्या भाषा बोलणारी. लोहाराच्या कमाईत आणि रेशनच्या दिवसांत पंधरा तोंडे! पण त्यांनी कोणाची जात-धर्म विचारला नाही.

या कुटुंबाचे भव्य स्मारक १९८२ मध्ये शहराच्या मध्यभागी उभारले गेले. २००८ मध्ये ते तेथून काढून शहराच्या कडेला नेले, आणि २०१८ मध्ये पुन्हा मूळ जागी आणून बसवले. राजे-सरदारांचे पुतळे सगळीकडे असतात. एका लोहाराचे आणि त्याच्या घरधनिणीचे स्मारक क्वचितच पाहायला मिळते.

एका ताटातला ओश

ताश्कंदला जाऊन 'ओश' खाल्ला नाही असे होऊ नये. ओश म्हणजे पुलाव. मोठ्या कढईत मांस, कांदा, पिवळे गाजर, जिरे, हरभरे, मनुका आणि वर तांदूळ. २०१६ मध्ये युनेस्कोने उझबेक पुलावाच्या परंपरेची अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. हे दुपारचे अन्न आहे. उशिरा गेलात तर कढई रिकामी दिसेल. ओश एका मोठ्या ताटात येतो आणि मंडळी भोवती बसून त्याच ताटातून खातात. कोण कोणाच्या शेजारी, हा प्रश्नच नसतो. एका ताटात जेवण्यासाठी ज्यांच्या पूर्वजांना लढावे लागले, त्यांना हे दृश्य पाहून काय वाटते ते वेगळे सांगायला नको. मांस न खाणाऱ्यांसाठी भोपळ्याचे सारण भरलेला 'सोमसा', म्हणजे समोशाचा भाऊ, चांगला. जेवणानंतर हिरवा चहा. यजमान प्याला अर्धाच भरतो, तेव्हा रागावू नये. पुन्हा पुन्हा वाढता यावे, हा त्यामागचा आदर.

तथागतांचे दर्शन

बौद्ध प्रवाशासाठी आणखी एक ठेवा आहे. ताश्कंदच्या राज्य इतिहास संग्रहालयाच्या संग्रहात कुषाण काळातील चुनखडकाचे एक शिल्प आहे. बोधिवृक्षाखाली ध्यानस्थ बुद्ध आणि दोन्ही बाजूंना भिक्खू. ते सापडले देशाच्या दक्षिण टोकाला, तेर्मेझजवळच्या फयाझ-तेपे येथील विहारात. तेर्मेझजवळच कारा-तेपे येथे टेकडी कोरून केलेली भिक्खूंची लेणी आहेत. सातव्या शतकात चिनी भिक्खू ह्युएन त्संग तेथे गेले, तेव्हा दहाएक विहार आणि हजारभर भिक्खू असल्याचे त्यांनी लिहून ठेवले. तेच ह्युएन त्संग पुढे आपल्या महाराष्ट्रातही आले होते. बुखारा हे नावसुद्धा 'विहार' शब्दावरून आले, असे काही अभ्यासक मानतात.

हे आपोआप होत नाही

सर्वच गोड होते असे समजू नये. ज्या राजवटीने बंधुभावाच्या घोषणा दिल्या, तिनेच कोरियनांना १९३७ मध्ये आणि क्रिमियन तातारांना १९४४ मध्ये बळजबरीने उचलून येथे आणले. जून १९८९ मध्ये याच देशाच्या फरगना खोऱ्यात मेस्खेती तुर्कांवर हल्ले झाले. शंभराहून अधिक माणसे मेली आणि हजारो कुटुंबांना दुसऱ्यांदा घर सोडावे लागले. १९९१ नंतर पुष्कळ रशियन आणि बहुतेक ज्यू कुटुंबेही देश सोडून गेली. शेजाऱ्याशी एका ताटात जेवण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या जपावी लागते आणि ती मोडायला चार दिवस पुरतात.

म्हणून वाचकहो, आपल्या मुलांना ताश्कंदचे नाव सांगाल तेव्हा शास्त्रीजींबरोबर त्या लोहाराचेही सांगा. घरी माणसे दोनच होती, भाकरी मोजकी होती, तरी त्याने पंधरा मुलांना दार उघडले.