परसबागेला उसाचा हिशोब नको



लागणीच्या नोंदी किंवा हुमणीची पाहणी यासाठी गटात फिरताना हल्ली उसाइतकेच प्रश्न घरामागच्या परसबागेचे निघतात. "साहेब, फडातलं झालं, आता आमची मिरची बघा की जरा," असे घरातील मावशी, वहिनी हटकून म्हणतात. यात नवल नाही. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, पुढे चाकण आणि हिंजवडीकडे कारखाने व कंपन्या आल्या. पुष्कळांचे फड गेले, जमीन एकरातून गुंठ्यावर आली. अशा वेळी घरामागचे दोन गुंठे हीच घरच्या भाजीची हक्काची जागा उरते.

परंतु पाहणीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. परसबागेची निम्मी दुखणी किडीमुळे नव्हे, तर आपल्या उसाच्या सवयीमुळे येतात. ऊस बारा ते अठरा महिने रानात उभा असतो आणि रस उकळून, गाळून मगच साखर होते. मेथी पंचवीस-तीस दिवसांत उपटली जाते आणि त्याच दुपारी नातवंडांच्या ताटात पडते. म्हणून फडाचा हिशोब परसात चालत नाही.

पंप एक, पिके दोन

टोमॅटो, वांगी, भेंडी यांची पाने एकाएकी लांबट, अरुंद होतात, शिरा समांतर दिसतात, शेंडे पिळवटतात. लोक म्हणतात, "व्हायरस आला." खरे कारण कित्येकदा पंपात असते. उसातील रुंद पानांच्या तणांसाठी आपण टू-फोर-डी मारतो. ऊस गवतवर्गातला, म्हणून त्याला ते सोसते. टोमॅटो-वांग्याला मात्र पंपात राहिलेला थोडा अंशही भोवतो. ओळखायची खूण सोपी आहे. विषाणू रोग एखाद-दुसऱ्या झाडापासून सुरू होऊन पसरतो. तणनाशकाचा फटका फवारणीनंतर थोड्याच दिवसांत सगळ्या ओळीला एकदम दिसतो.

यावर औषध नाही, खबरदारी आहे. तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवावा व त्यावर ठळक खूण करावी. ते शक्यच नसेल तर धुण्याच्या सोड्याचे पाणी रात्रभर पंपात ठेवावे, नळी व नोझलमधूनही सोडावे आणि नंतर साध्या पाण्याने तीनदा धुवावे. हे पाणी परसात किंवा विहिरीजवळ ओतू नये. वाऱ्यात व कडक उन्हात फवारणी नको. टू-फोर-डीचा ईस्टर प्रकार तर वाफ होऊन शेजारच्या बागेपर्यंत जातो.

गोठ्यातले जुने डबे

"उसाचं औषध शिल्लक होतं, तेच मारलं," हे वाक्य ऐकले की काळजाचा ठोका चुकतो. फोरेटच्या दाणेदार औषधावर सरकारने २०१८ मध्ये आदेश काढला आणि २०२० अखेरपासून ते बंद झाले. मोनोक्रोटोफॉस भाजीवर वापरण्यास २००५ पासून मनाई होती. तरीही एखादी जुनी पिशवी वा बाटली गोठ्याच्या फळीवर निघते. ती परसबागेत चिमूटभरसुद्धा वापरू नये आणि मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये.

मिरचीची पाने वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे समजावेत. खाली वळून देठ लांबले तर कोळी आहे. फुलकिड्यांना ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. ५० ग्रॅम निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवावी, फडक्याने गाळून पाणी एक लिटर करावे, साबणाचा थोडा चुरा घालून संध्याकाळी फवारावे. कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम घ्यावे, मात्र भर उन्हात नको.

भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या झाल्या की आपले सभासद "केवडा" म्हणून हिराकस मारतात. उसाचा केवडा लोहाच्या कमतरतेचा, भेंडीचा केवडा विषाणूचा. नाव एक, रोग दोन. भेंडीचे रोगट झाड उपटून नष्ट करावे आणि रोग पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीसाठी निंबोळी अर्क मारावा.

मूठभर युरिया, पाटभर पाणी

झाड हिरवेगार, फळ मात्र नाही, ही तक्रार युरियाची आहे. एका चौरस मीटरला एका वेळी सपाट दोन चहाचे चमचे पुष्कळ झाले, तेही ओलीवर आणि बुंध्यापासून दूर. पाणी उसासारखे तुंबवले तर मुळे कुजतात. बोट मातीत खुपसून पाहावे, दोन पेरांपर्यंत कोरडे लागले तरच पाणी द्यावे.

नव्या बंगल्याभोवती झाडे पिवळी पडतात, तेथे खताआधी माती उकरून पाहावी. बहुधा सिमेंट, चुना आणि मुरूम निघतो. अशा जागी दीड फूट राडारोडा काढून रानातली माती व कुजलेले शेणखत भरावे. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? नाल्याचे फेसाळ किंवा वासाचे पाणी पालेभाजीला कधीही देऊ नये. आळंदीला इंद्रायणीवर चढणारा फेस आपण सर्वांनी पाहिलाच आहे.

दोडका व दुधीला मादीफुले येतात पण कळी पिवळी होऊन गळते, याचे कारण बहुधा परागीभवन न होणे हे असते. ही फुले संध्याकाळी उमलतात. त्या वेळी नरफूल तोडून मादीफुलाला हलकेच लावावे.

फडातून काय आणावे

सारेच उसाचे टाळा असे मात्र नाही. पाचट आणा. वाफ्यावर चार बोटे आच्छादन केले तर पाणी वाचते, तण दबते. प्रेसमड आणायचा तर पूर्ण कुजलेलाच आणा, ताज्याच्या उष्णतेने रोपे जळतात. आणि लोकरी माव्याचा धडा आणा. २००२ साली माव्याने उसाला ग्रासले, तेव्हा डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी तो आटोक्यात आणायला मोठी मदत केली, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये तमिळनाडूत दिसला. त्यावरही २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून आणलेली चिमुकली परोपजीवी माशीच उपयोगी पडली. जहाल औषधाने आधी हे मित्र मरतात, शत्रू नंतर दुप्पट येतो.

तेव्हा काही दुखणे दिसले तर आधी दुकानात जाऊ नका. रोगट फांदी कागदात गुंडाळून गट ऑफिसला आणा, किंवा आपल्या चिटबॉयजवळ द्या. खेड-जुन्नरकडील सभासदांना नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्रही जवळ आहे. आणि आज घरी गेल्यावर एवढे एकच काम करावे, ही नम्र विनंती: तणनाशकाच्या पंपावर रंगाने मोठी फुली मारा.