गरी टाकण्याआधी तिथी पाहा

भात झोडून झाले, पेंढ्याच्या उडव्या रचल्या, की खाडीकाठच्या गावांतून गरवायला निघालेले बापलेक बांधावर दिसू लागतात. तंगूस, शिशाचे वजन, चार गऱ्या आणि मूठभर कोळंबी, एवढाच खर्च. रात्रीच्या कालवणाची सोय होते आणि कामाने शिणलेल्या जिवाला विरंगुळाही मिळतो. त्याला थोडी माहितीची जोड दिली, तर मासाही मिळेल आणि खाडीही रिकामी होणार नाही.

भरतीचे गणित

वाडवडिलांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे सुमारे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. दिवसा तशीच रात्री. त्यानंतर साधारण सहा तासांनी पुरी ओहोटी. हा हिशेब मुंबईकडचा. मालवणकडे भरती थोडी आधी येते.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ फार, वजन तळाला ठरत नाही. नवख्याने अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती धरावी. पाणी चढू लागले, की मासा चाऱ्यासाठी किनाऱ्याकडे सरकतो. तेव्हा गरी पाण्यात हवी. मात्र ओहोटीला चालत गेलेल्या खडकावर भरतीत अडकू नका. कुठे जाता ते घरी सांगून जा.

हंगाम कोणता?

जून-जुलैत यांत्रिक नौकांना बंदी असते, कारण हे अनेक माशांच्या विणीचे दिवस. नियम नौकांचा असला, तरी कारण आपणही ध्यानात घ्यावे. जिताडा याच सुमारास अंडी घालायला खाडीच्या मुखाशी येतो. शिंगाळ्याचा नर तर अंडी तोंडात धरून जपतो. खवळलेल्या समुद्राच्या खडकावर या दिवसांत पाऊलही टाकू नये.

नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळतो आणि थंडीत वाळूच्या किनाऱ्यावर रावसाची आशा धरता येते. इंग्रजांनी याला ‘इंडियन सामन’ म्हटले, पण परदेशातल्या नद्या चढणाऱ्या सामनशी त्याचे नाते नाही. छातीच्या परांखाली दोन्ही बाजूंना चार-चार सुटे धागे, ही त्याची खूण. आमिष ताज्या कोळंबीचे लावावे.

थंडीपासून चैत्र-वैशाखापर्यंत पाणी शांत असते. खडकाळ तळाशी तांबोसा आणि गोबरा मिळतो, खाडीच्या मुखाशी वाळूत मुडदुशी. मुडदुशीचे तोंड लहान, म्हणून गरीही लहान हवी.

कोणता ठेवावा, कोणता सोडावा?

रावस आणि जिताडा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतात, वाढल्यावर त्यांच्या माद्या होतात. गोबऱ्याचे उलट, तो आधी मादी, मग नर. म्हणजे सगळे मोठे मासे काढले, तर एकीकडे माद्या संपतात आणि दुसरीकडे नर. सगळे लहान काढले, तर मोठे व्हायला कोणी उरतच नाही. म्हणून लहान मासा सोडावा आणि मोठ्यांतला एका जेवणापुरताच ठेवावा. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींची किमान लांबी ठरवून दिली आहे. मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीत तिची चौकशी करा.

जाळ्याला मासा निवडता येत नाही, गरीवाल्याला येतो. सोडायचा मासा ओल्या हाताने धरा. गरी खोल गिळली असेल तर ओढू नका, तोंडाजवळ तंगूस कापा.

शिंगाळा मात्र जपून हाताळा. त्याला पाठीवर एक आणि बाजूंना दोन विषारी काटे असतात. काटा लागल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरा आणि डॉक्टरांकडे जा.

मुलांना गरी टाकायला शिकवाल, तेव्हा मासा सोडायलाही शिकवा.