दोष विमानात नव्हे, दांडीत

आपल्या घरी बिनतारी नियंत्रणाचे छोटे विमान उडविणारा मुलगा अथवा मुलगी असेल, तर एक तक्रार आपल्या कानांवर केव्हातरी येईलच. विमान सरळ ठेवावे तर ते उगाच थरथरते. हात स्थिर असूनही शेपटीचे सुकाणू फडफडते. अशा वेळी सर्व संशय विमानावर जातो. मीही एकदा त्याच मार्गाने गेलो. प्रथम सर्व्हो बदलला, मग बॅटरी. आणि शेवटी उतरण्याच्या ऐन क्षणी विमानाने नाक खाली घातले व दोन महिन्यांच्या श्रमांचा चुरा झाला. दोष होता तो माझ्या हातातील ट्रान्समीटरच्या दांडीत.

या दांडीच्या तळाशी काय असते, ते पाहू या. पुष्कळशा स्वस्त संचांत तेथे पोटेन्शिओमीटर बसविलेला असतो. कार्बनचा एक लहानसा पट्टा आणि त्यावर घासत फिरणारी धातूची जीभ, एवढीच त्याची रचना. आपल्या जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करणारी खुंटी याच जातीची. जीभ जेथे टेकते, त्या जागेनुसार विद्युद्दाब मिळतो आणि ट्रान्समीटर त्याचा आकडा करून विमानाकडे धाडतो. अनेक संच ३.३ व्होल्टचे ४,०९६ भाग करून मोजतात; म्हणजे एक भाग व्होल्टच्या एक हजारांशाहूनही लहान! इतक्या सूक्ष्म मापनात पट्ट्यावरील धुळीचा कणही जाणवतो. त्यातून दांडी बहुतेक वेळ मध्याच्या आसपासच फिरत असल्यामुळे पट्टा झिजतो तोही नेमका तेथेच, जेथे स्थैर्याची गरज सर्वांत अधिक.

घासण्याने झीज होत असेल, तर घासणेच का टाळू नये? त्याचे उत्तर एका जुन्या शोधात आहे. १८७९ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल या तरुण संशोधकाने सोन्याच्या पातळ वर्खातून विद्युत्प्रवाह सोडला आणि तो वर्ख चुंबकाच्या क्षेत्रात धरला. तेव्हा प्रवाहाला आडव्या दिशेने किंचित विद्युद्दाब उत्पन्न झाल्याचे त्याला आढळले. इलेक्ट्रॉनचा शोध लागण्यास तेव्हा आणखी १८ वर्षे अवकाश होता! आजच्या सुधारित दांड्यांत हेच तत्त्व आहे. दांडीच्या आसाला छोटा चुंबक असतो आणि त्याच्यासमोर, स्पर्श न करता, हॉल-संवेदक बसविलेला असतो. झिजण्यास पट्टाच नाही.

तथापि, खरेदीची घाई करू नका. प्रथम संचातील आकडे दाखविणारा पडदा उघडा. दांडी हळूहळू फिरवून आकडा मध्येच उडी घेतो का, ते पाहा. मग ती एकदा डावीकडून व एकदा उजवीकडून सोडा. दोन्ही वेळा आकडा जवळजवळ त्याच जागी परतला पाहिजे. आस सैल झाल्याने दांडी हलत असेल, तर निव्वळ संवेदक बदलून तो दोष जाणार नाही. आणि नुकतेच शिकू लागलेल्या मुलाला तर या सुधारणेची मुळीच गरज नाही, असे माझे मत आहे. त्या पैशांत दोन जास्तीचे पंख येतील!

बदलावयाचेच ठरले, तर नवी दांडी आपल्याच संचासाठी केलेली आहे ना, तिचे माप व विद्युद्दाब जुळतात ना, याची खात्री करून घ्या. बॅटरी काढल्याविना पाठीचे झाकण उघडू नका. दोन्ही भागांना जोडणाऱ्या तारा आत असतात, त्या हिसक्याने तुटतात. कोणता प्लग कोठे होता, याचे छायाचित्र आधीच घेऊन ठेवा. हॉल-संवेदकाला स्वतःचा वीजपुरवठा लागतो आणि प्लग उलटा बसला तर तो जळण्याचा संभव असतो. थ्रॉटलची दांडी सोडली तेथेच राहावयास हवी, म्हणून त्या बाजूची मध्यावर आणणारी स्प्रिंग निकामी करावी लागते. हे काम झाकण लावण्यापूर्वीच उरका. मी ते विसरलो होतो आणि सगळे स्क्रू पुन्हा काढावे लागले.

त्यानंतर कॅलिब्रेशन. दांड्या मध्यावर धरून संचाला मध्य दाखवावयाचा, मग त्या चारही टोकांपर्यंत हलकेच फिरवावयाच्या. जुनी मापे नव्या दांडीला लागू पडत नाहीत. थ्रॉटलचा तळ चुकीचा नोंदला गेला, तर बॅटरी जोडताच पंखा फिरू लागावयाचा, आणि त्यावेळी मुलाची बोटे त्याच्याजवळच असतात. म्हणून पहिली चाचणी मोटरीवरील पंखा काढूनच करा. प्रत्येक सुकाणू योग्य दिशेला वळते का, ट्रान्समीटर बंद केल्यावर मोटर थांबते का, हे पाहून मगच पंखा चढवा.


एक बारीकशी सूचना राहिली. चुंबकाची कडी असलेल्या पिशवीत हा संच ठेवू नका. बलवान चुंबक जवळ आला तर आकडे सरकतात आणि आपण पुन्हा विमानालाच दोष देत बसतो.