विचारपूस

निवृत्तीनंतर कोणी नर्मदा परिक्रमेला जाते, कोणी सोसायटीचे सेक्रेटरीपद ओढवून घेते. मी २०२३ साली, वयाच्या ६३ व्या वर्षी, एम.ए. मराठीला नाव घातले. बँकेत ३८ वर्षे काढली, त्याच दिवसांत चार कादंबऱ्याही लिहून झाल्या. पण पदवी अर्थशास्त्राची. मराठीचा रीतसर अभ्यास राहून गेल्याची रुखरुख होती. सौभाग्यवती म्हणाल्या, "स्वतः पुस्तकं लिहिता. आता तुम्हाला कोण काय शिकवणार?" हा प्रश्न मनातून मलाही थोडासा पटला होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

पहिल्या सत्रातल्या पहिल्या लेखी कामात मला २० पैकी ९ गुण पडले.

विषय होता 'बनगरवाडी'तील निवेदक. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ सालची. एक कोवळा शाळामास्तर धनगरांच्या वस्तीवर येतो आणि तोच आपल्याला सारे सांगतो. मी ती तरुणपणी एसटीच्या प्रवासात वाचली होती. मग काय, त्या प्रवासापासून सुरुवात करून सहा पाने लिहिली. माडगूळकरांच्या शैलीवरून जीव ओवाळून टाकला. पेपर परत आला तो समासात चार ठिकाणी 'कशावरून?' असा शेरा घेऊन. एके ठिकाणी 'हे मत कोणाचे?', एके ठिकाणी 'कोणती आवृत्ती? पृष्ठ?' आणि शेवटी, 'लेखन सुरेख. अभ्यास दिसत नाही.' आमच्या मॅडम माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मी पेपर घडी घालून खिशात ठेवला आणि घरी दाखवला नाही.

माझे एक सोडा. माझे पेन्शन चालू होते. पण शेजारच्या बाकावर परभणीकडची एक मुलगी बसत असे. वडील मोंढ्यात हमाल, घरातून विद्यापीठापर्यंत आलेली ही पहिलीच. बी.ए.ला ७२ टक्के. तिच्या पेपरावर गुणांच्या जागी शून्य होते आणि लाल शाईत एकच शब्द, 'उचललेले'. दुसऱ्या दिवशी बाक रिकामा. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी वसतिगृहातल्या तिच्या मैत्रिणीकडून कळले, की बाईसाहेब बॅग भरून बसल्या आहेत, शनिवारच्या गाडीने गावी निघणार.

मी फोन लावला. ती आधी बोलेचना. मग म्हणाली, "काका, मी चोरी नाही केली. एवढ्या मोठ्या समीक्षकांचं वाक्य आपण आपल्या मनानं कसं बदलायचं? बी.ए.ला तर जसंच्या तसं लिहिलं, की पूर्ण मार्क मिळायचे."

या वाक्यावर मी बराच वेळ विचार करीत राहिलो. मुलीचे म्हणणे खोटे नव्हते. बारा-पंधरा वर्षे आपण मुलांना शिकवतो, की गाइडमधले उत्तर पाठ करा, काना-मात्रा चुकू देऊ नका. थोरांचे शब्द न बदलता लिहिणे हा तिच्या लेखी आदर होता. आणि एका जुलै महिन्यात, काही न सांगता, तोच आदर गुन्हा ठरला. नियम बदलल्याची नोटीस कुठल्याच फलकावर लागलेली नव्हती.

मला माझा बँकेतला पहिला महिना आठवला. १९८२ साल. तेव्हा संगणक नव्हते. संध्याकाळी डे बुकाचा ताळा जुळल्याशिवाय कोणी घरी जायचे नाही. त्या दिवशी ५४ रुपयांचा फरक येत होता आणि आकडे माझ्या हातचे होते. विचारायची लाज, म्हणून दोन तास एकटाच बेरजा मारत बसलो. अखेर आमच्या हेडक्लार्क अण्णांनी चष्मा वर करून विचारले, "फरक नवाने भागला जातो का बघ." जात होता. "मग आकड्यांची अदलाबदल झालीय कुठेतरी." पाच मिनिटांत सापडले, ८२ च्या जागी मी २८ लिहिले होते. मी जरा चिडूनच म्हणालो, "अण्णा, हे दोन तासांपूर्वी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "तू विचारलंस कुठे?"

अण्णा माणूस चांगला होता. पण ते उत्तर मला आजही पुरते पटलेले नाही. नव्या पोराला काय विचारायचे तेच ठाऊक नसते. निदान पहिल्या दिवशी तरी जुन्याने आपणहून चार गोष्टी सांगाव्यात, असे मी पुढे मॅनेजर झाल्यावर पाळले. असो.

शुक्रवारी मी त्या मुलीला घेऊन मॅडमच्या खोलीकडे गेलो. तिला आधार म्हणून, असे मी म्हणत होतो; खरे तर माझ्याही खिशात ते ९ गुण होते. दारावर एक कागद चिकटवलेला : 'विद्यार्थ्यांसाठी वेळ – गुरुवार, ३ ते ५.' मॅडमनी आम्हाला तरीही बसवून घेतले. म्हणाल्या, "सत्र सुरू झाल्यापासून हा कागद लावलाय. एकही विद्यार्थी आला नाही. मला वाटलं, तुम्हाला सगळं समजतंय."

मुलगी खाली बघत म्हणाली, "मला वाटलं, ज्यांचं काही चुकलंय त्यांनाच तिथं बोलावतात."

क्षणभर कोणी बोलले नाही. मग मॅडमनी तिचाच पेपर पुढे ओढला आणि पेन्सिलने दाखवायला सुरुवात केली. समीक्षकाचे वाक्य घ्यायचे तर अवतरणचिन्हात घ्या, खाली टीप द्या : लेखक, ग्रंथ, प्रकाशक, वर्ष, पान. वाक्य आपल्या शब्दांत सांगितलेत तरी टीप हवीच, कारण विचार त्यांचा आहे. आणि एवढे झाल्यावर तुम्ही लिहा, की तुम्हाला हे पटते का, आणि कादंबरीतल्या कोणत्या प्रसंगावरून पटते. "मला तुझं मत हवंय," असे मॅडम म्हणाल्या तेव्हा त्या मुलीने असे काही वर पाहिले, की जन्मात तिच्याकडे कोणी ही वस्तू मागितलीच नव्हती.

माझ्या डोक्यात मात्र प्रकाश पडला तो बँकेच्या भाषेत. टीप म्हणजे व्हाउचर! व्हाउचरशिवाय खात्यात एक पैशाची नोंद केली नाही कधी, आणि इथे सहा पाने बिनव्हाउचरची लिहून मोकळा झालो होतो. मॅडम हसल्या. पुढच्या तासाला त्यांनी माझा हा दाखला वर्गाला सांगितला, टीप न देता.

२०१८ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे याबाबत लेखी नियम आहेत, ते पालकांनीही ठाऊक करून घ्यावेत. प्रबंधात दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. ४० पर्यंत असेल तर दुरुस्त करून पुन्हा द्यायचा. ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही. त्याहून जास्त असेल तर नोंदणीच रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे यात मोजत नाहीत. म्हणजे थोरांचे शब्द घ्यायला बंदी कधीच नव्हती. नाव सांगून घ्या, एवढेच.

घरच्यांचा आणखी एक गैरसमज असतो : 'मराठीत एम.ए. म्हणजे काय, गोष्टी तर वाचायच्या!' आमच्या शेजाऱ्यांचा मुलगाही याच वर्गात होता. त्याची आई रोज म्हणे, "चारच तास तर कॉलेज. दुपारी दुकानावर बसायला काय होतं?" त्यांना मी हिशेब मांडून दाखवला. महाराष्ट्रात नव्या धोरणानुसार दोन वर्षांचे एम.ए. ८८ श्रेयांकांचे आहे. एका श्रेयांकाला धरलेले काम साधारण ३० तासांचे. त्यातले सुमारे १५ वर्गात, उरलेले ग्रंथालयात आणि घरच्या टेबलावर. एका सत्राचे २२ श्रेयांक म्हणजे ६६० तास. पंधरा आठवड्यांत भागा : आठवड्याला ४४ तास. बँकेतल्या माझ्या नोकरीपेक्षा हे फार कमी नाही. बाईंनी आकडा दोनदा तपासला. दुकानावर आता मुलगा फक्त रविवारी बसतो.

या श्रेयांकांची चक्क एक बँकही आहे. २०२१ पासूनची. विद्यार्थ्याने डिजिलॉकरमधून आपले खाते उघडायचे, मिळवलेले श्रेयांक तिथे जमा होतात आणि मध्येच शिक्षण सुटले तरी जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य राहतात. व्याज नाही, पण ठेव बुडत नाही. त्या मुलीने शनिवारची गाडी पकडली असती तर पहिले सत्रही पुरे झालेले नव्हते. तिच्या खात्यावर शून्यच राहिले असते.

पैशाचेही तसेच. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज तेव्हा दर वर्षी नव्याने भरावा लागे, हे आमच्या वर्गातल्या कित्येकांना माहीत नव्हते. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार आहे, 'कमवा आणि शिका' आहे. पण ही माहिती ज्या खिडकीवर मिळते तिथे जाऊन उभे राहावे लागते, आणि खिडकीपलीकडचा माणूस पहिल्यांदा मान वर करीलच असे नाही. मी स्वतः अशा खिडकीपलीकडे बसलेलो आहे. दुसऱ्यांदा करतो.

मदतीचा सगळ्यात मोठा साठा मात्र आमच्या हाताशी फुकट पडून होता. मोल्सवर्थचा कोश, दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश', तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश, हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही उघडतात. शोधगंगेवर देशभरचे प्रबंध आहेत, वाईला तयार झालेला विश्वकोश मोबाईलवर दिसतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला तेव्हा आमच्या विभागात पेढे वाटले. त्याच दिवशी दाते-कर्व्यांचा कोश कसा उघडायचा हे विचारणारे वर्गात निम्मे होते. एकाने तर संदर्भसूची मोबाईलमधल्या लिहिणाऱ्या यंत्राकडूनच करून घेतली. ग्रंथालयातल्या मामांनी एक पुस्तक अर्धा तास शोधले. ते पुस्तक छापलेच गेले नव्हते!

कोशावरून आठवले. 'लीळाचरित्र' शिकताना 'पुसिले' हा शब्द आला. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या त्या माणसामाणसाला गाठून, कुठल्या गावी काय घडले ते विचारून. शहरातली मुले 'पुसिले' म्हणजे फडक्याने पुसले असे समजून हसू लागली. तेव्हा परभणीची मुलगी प्रथमच वर्गात आपणहून बोलली. "पुसणं म्हणजे विचारणं. आमची आजी अजून तसंच म्हणते. 'बापाला पुसून ये.'" कोशात पाहिले तर अगदी तसेच. विचारपूस, वास्तपुस्त या शब्दांतून तो धातू रोज आपल्या तोंडी असतो. मॅडम म्हणाल्या, "हे लिहून आण. पण टिपेसह."

तिने आणले. दुसऱ्या सत्रातला क्षेत्रीय प्रकल्प तिने आजीच्या बोलीवरच केला. २४० शब्द, प्रत्येकापुढे आजीचे एक वाक्य आणि तारीख. संदर्भसूचीत दाते-कर्व्यांच्या खाली आजीचे नाव, गाव, वय अंदाजे ७०. कच्च्या प्रतीवर समासात लाल शाई होतीच : 'अंदाजे कशावरून?'

ती गुरुवारी तीन वाजता मॅडमच्या दारात हजर झाली. आता तिला तो रस्ता पाठ होता. आजीचा जन्मदाखला नाही, काय करू? मॅडम म्हणाल्या, "आजींनाच विचार." तिथूनच फोन लागला. आजी म्हणाली, "मला काय पुसतीस? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची, तवा तुझा बाप पोटात व्हता. अठरा असंल मी."

पक्क्या प्रतीत पान ३१ वर तळटीप क्रमांक ६ आहे. 'निवेदिकेचे वय तिने दिलेल्या माहितीवरून : १९७२ च्या दुष्काळात सुमारे १८ वर्षे.' पुढे फोनची तारीख आणि वेळ.