जपानी विद्यार्थी आणि इंग्रजी वाक्य

इ. स. १८५९ सालीं योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला नुकतेंच खुलें झालें होतें. फुकुझावा युकिची नांवाचा एक तरुण जपानी विद्वान् तें पाहण्यासाठीं एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, तेथें गेला. ओसाका येथें त्यानें डच भाषेचा कसून अभ्यास केला होता. कारण दोन शतकांहून अधिक काळ युरोपांतील विद्या जपानांत येत असे ती बहुतांशीं याच एका भाषेच्या दारानें. परंतु योकोहामाच्या दुकानांवरील पाट्या त्याला वाचतां येईनात आणि व्यापाऱ्यांशीं बोलणेंही जमेना. तेथें चलती होती इंग्रजीची. त्याची मोठी निराशा झाली. पण दुसऱ्याच दिवशीं त्यानें इंग्रजी शिकण्याचा निश्चय केला. अभ्यास सुरू झाल्यावर त्याला असें आढळून आलें कीं, डच शिकण्यांत घालविलेलीं वर्षें कांहीं वायां गेलेलीं नाहींत. कारण या दोन्ही भाषा एकाच कुळांतल्या असून त्यांच्या वाक्यांची घडण बरीचशी मिळतीजुळती आहे. ज्याला केवळ जपानी येते, त्याला मात्र हा आधार मिळत नाहीं. त्याचें नेमकें अडतें कोठें, हें आज मी आपल्यापुढें मांडणार आहें.

प्रथमदर्शनीं कोणालाही वाटेल कीं, अडचण शब्दांची असावी. पण शब्द मेहनतीनें पाठ करतां येतात. खरी अडचण शब्दांच्या क्रमाची आहे, आणि ती समजून घेणें मराठी माणसाला फारसें जड जाऊं नये. कारण आपलें वाक्य आणि जपानी वाक्य हीं पुष्कळ अंशीं एकाच सांच्यांतलीं आहेत. ‘मी पुस्तक वाचतों’ याला जपानींत म्हणतात, ‘वाताशि वा होन् ओ योमु’. ‘वाताशि’ म्हणजे मी, ‘होन्’ म्हणजे पुस्तक आणि ‘योमु’ हें क्रियापद, आपल्याप्रमाणेंच शेवटीं. ‘मेजावर’ म्हणतांना आपण ‘वर’ हें अव्यय नामाच्या मागून लावतों. जपानी मनुष्यही ‘त्सुकुए नो उए नि’, म्हणजे अक्षरशः ‘मेजाच्या वरच्या बाजूला’, असेंच म्हणतो. प्रश्न विचारावयाचा झाला तर वाक्य आहे तसेंच ठेवून तो शेवटीं ‘का’ जोडतो: ‘कोरे वा होन् देसु का?’ म्हणजे ‘हें पुस्तक आहे का?’ येथें ‘का’ हा शब्दसुद्धां आपल्यासारखाच निघावा, हा निव्वळ योगायोग होय. मराठी ही संस्कृताच्या वंशांतली, म्हणून इंग्रजीचीच दूरची नातलग. जपानीचें या कुळाशीं नातें सिद्ध झालेलें नाहीं. नातें इंग्रजीशीं आणि घडण मात्र जपानीसारखी, अशी आपल्या भाषेची स्थिति आहे.

आतां इंग्रजी वाक्याकडे वळूं. ‘कुत्रा माणसाला चावला’ हें वाक्य ‘माणसाला कुत्रा चावला’ असें फिरविलें तरी चावणारा कुत्राच राहतो; ‘ला’ हा प्रत्यय माणसाला सोडीत नाहीं. जपानींतही तसेंच. ‘इनु गा हितो ओ कान्दा’ म्हणा किंवा ‘हितो ओ इनु गा कान्दा’ म्हणा. ‘गा’ ज्याच्यामागें तो कर्ता आणि ‘ओ’ ज्याच्यामागें तें कर्म. प्रत्येक नामाच्या छातीवर जणूं त्याच्या हुद्द्याचा बिल्ला लावलेला असतो; मग तें कोठेंही बसो. इंग्रजींत असे बिल्ले नाहींत. ‘द डॉग बिट द मॅन’ यांतील दोन नामांची अदलाबदल केली कीं माणूस कुत्र्याला चावतो. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजींतही नामांना विभक्तिप्रत्यय होते. ते हळूहळू झिजले आणि त्यांचें काम जागेनें पत्करलें. आज ‘ही’ आणि ‘हिम’ अशा सर्वनामांच्या जोड्यांत त्यांच्या खुणा उरल्या आहेत. तेव्हां जपानी विद्यार्थ्यानें पहिली गोष्ट मनांत ठसवावयाची ती ही कीं, इंग्रजींत शब्दाची जागा हाच त्याचा प्रत्यय. सामान्य वाक्यांत क्रियापदाच्या आधींची जागा कर्त्याची, नंतरची कर्माची.

दुसरी अडचण कर्त्याची. ‘गेलों होतों’ एवढेंच म्हटलें तरी मराठींत ‘मी’ कळतो, कारण क्रियापदाचा प्रत्ययच पुरुष सांगतो. जपानी क्रियापदाला पुरुष नाहीं, वचन नाहीं, लिंगही नाहीं. ‘इत्ता’ म्हणजे मी गेलों, तूं गेलास, ती गेली, ते गेले, यांपैकीं कांहींही. तरीसुद्धां कर्ता खुशाल गाळला जातो आणि ऐकणारा तो प्रसंगावरून ओळखतो. इंग्रजींत आज्ञार्थ सोडला तर कर्त्याची जागा सहसा रिकामी ठेवतां येत नाहीं; खरा कर्ता नसेल तर उसना आणून बसवावा लागतो. ‘आमे गा फुत्ते इरु’ म्हणजे शब्दशः ‘पाऊस पडत आहे’. इंग्रज म्हणतो, ‘इट इज रेनिंग’. हें ‘इट’ कोण? कोणीच नव्हे. खुर्ची रिकामी दिसूं नये म्हणून बसविलेला तो पाहुणा आहे.

याहून सूक्ष्म घोटाळा ‘वा’ या अव्ययामुळें होतो. ‘वा’ हें कर्त्याचें चिन्ह नव्हे. ‘अमक्याविषयीं म्हणाल तर’ असा त्याचा आशय असतो. ‘झो वा हाना गा नागाइ’, म्हणजे हत्तीविषयीं म्हणाल तर सोंड लांब. मिकामी आकिरा या व्याकरणकारानें १९६० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाला हेंच वाक्य नांव म्हणून दिलें. इंग्रजींत हत्तीला कर्त्याच्या जागीं बसवून ‘ॲन एलिफंट हॅज अ लाँग ट्रंक’ असें म्हणावें लागतें. खाणावळींत बसलेला जपानी गृहस्थ ‘बोकु वा उनागि दा’ म्हणतो. ‘बोकु’ म्हणजे मी आणि ‘उनागि’ म्हणजे वाम मासा. माझ्यापुरतें म्हणाल तर वाम आणा, एवढाच त्याचा अर्थ. पण ‘वा’ दिसला कीं कर्ता धरावयाचा, अशी संवय लागलेला विद्यार्थी ‘आय ॲम ॲन ईल’ असें भाषांतर करून मोकळा होतो, आणि मासा मागवितां मागवितां स्वतःच मासा होऊन बसतो.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. ‘काल मीं विकत घेतलेलें पुस्तक’ हें जपानींत शब्दाला शब्द लावून सांगतां येतें: ‘किनो वाताशि गा कात्ता होन्’. विशेषण कितीही लांब असो, तें नामाच्या आधींच यावयाचें. इंग्रजींत ‘द बुक’ आधीं येतें आणि ‘दॅट आय बॉट येस्टर्डे’ ही शेपटी मागून. मराठींत ‘जें पुस्तक मीं काल घेतलें तें’ अशी दुसरीही वाट आहे. जपानींत ‘जो’ आणि ‘तो’ यांसारखी जोडी नाहीं. त्यामुळें ‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ यांना तेथें तंतोतंत प्रतिशब्द सांपडत नाहीं. लांबलचक इंग्रजी वाक्य जपानींत नेऊं लागलें कीं शेवटचा तुकडा पहिला होतो, पहिला शेवटीं जातो, आणि सबंध वाक्य आरशांत पाहिल्यासारखें उलटतें.

या उलटापालटीवर जपानी पंडितांनीं फार जुनी तोड काढलेली होती. हजार वर्षांहून अधिक काळ ते चिनी ग्रंथ वाचीत आले होते, आणि चिनी वाक्यांतही क्रियापद कर्माच्या आधीं येतें. म्हणून चिनी अक्षरांच्या बाजूला ते बारीक खुणा घालीत. कोठून मागें फिरावयाचें आणि कोणतें अक्षर केव्हां वाचावयाचें हें त्या खुणा सांगत, आणि चिनी मजकूर जपानी होऊन वाचला जाई. या पद्धतीला ‘कुन्दोकु’ म्हणतात. तीच युक्ति पुढें डच आणि इंग्रजीला लावण्यांत आली. मेइजी काळांतील कित्येक मार्गदर्शक पुस्तकांत इंग्रजी शब्दाजवळ त्याचा जपानी अर्थ आणि वाचण्याच्या क्रमाचा आंकडा छापलेला असे.

या पद्धतीला आज नांवें ठेवणें सोपें आहे. परंतु तिचे उपकारही सांगितले पाहिजेत. १८७२ सालीं मोरी आरिनोरी या जपानी मुत्सद्द्यानें इंग्रजी हीच जपानची भाषा करावी काय, असा विचार येल विद्यापीठांतील भाषापंडित व्हिटनी यांना पत्रानें कळविला. हे व्हिटनी म्हणजेच ज्यांचें संस्कृत व्याकरण आपल्याकडील अभ्यासकांच्या परिचयाचें आहे ते. लोकशिक्षण लोकांच्या स्वतःच्या भाषेंतूनच झालें पाहिजे, असा सल्ला त्यांनीं दिला. जपान त्याच वाटेनें गेला. कायदा, वैद्यक, यंत्रविद्या, अर्थशास्त्र हीं सारीं शास्त्रें त्या आंकडे घालून वाचणाऱ्या पिढ्यांनीं जपानींत उतरविलीं, आणि उच्च शिक्षणही स्वभाषेंतून देणें त्या देशाला शक्य झालें.

परंतु याची किंमतही द्यावी लागली. कागदावरील वाक्यांत डोळा मागें फिरूं शकतो. कानाला तशी सोय नाहीं. नभोवाणीच्या श्रोत्यांना हें निराळें सांगावयास नको: शब्द गेला तो गेला. वाक्य संपल्यावर शेवटाकडून अर्थ लावूं पाहणारा विद्यार्थी पहिलें वाक्य उलगडीत असतो, तोंवर बोलणारा तिसऱ्या वाक्यावर पोंचलेला असतो. मग कठीण ग्रंथ समजणाऱ्या बुद्धिमान् तरुणाला साधें संभाषण समजेनासें होतें, आणि दोष संवयीचा असतांना तो स्वतःला मंद समजूं लागतो.

हें ओळखून १९२२ सालीं हॅरॉल्ड पामर या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाला जपानांत पाचारण करण्यांत आलें. दुसऱ्याच वर्षीं टोकियोंत इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठीं संस्था निघाली आणि १९३६ पर्यंत त्यानें तिचें काम पाहिलें. आधीं कान, मग तोंड, आणि नंतर डोळा, असा त्याचा आग्रह होता. त्याचा सहकारी हॉर्नबी यानें आपल्या दोन सोबत्यांसह एक कोश रचला. प्रत्येक क्रियापद आपल्यामागें कोणती रचना मागतें, हें त्यांत पंचवीस नमुने ठरवून दाखविलें होतें. तो १९४२ सालीं टोकियोंत छापला गेला, आणि १९४८ मध्यें ऑक्सफर्डनें तो पुनः प्रसिद्ध केला. आपल्याकडे घरोघरीं दिसणारा ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश तो हाच. जपानी मुलांच्या अडचणींतून त्याचा जन्म झाला. जपानी शाळांत शिकविले जाणारे वाक्यांचे पांच सांचे याहून जुने आहेत. अनियन्स या इंग्रज पंडितानें १९०४ सालीं ते मांडले आणि होसोए इत्सुकी यानें १९१७ सालच्या आपल्या व्याकरणानें ते जपानांत रूढ केले.

आज उपाय सुचविला जातो तो साधा आहे. वाक्य उलटें न फिरवितां त्याचे अर्थपूर्ण तुकडे पाडावे आणि ज्या क्रमानें ते येतात त्याच क्रमानें समजून घ्यावे. ‘आय बॉट अ बुक’: मीं पुस्तक घेतलें. ‘फॉर माय सिस्टर’: बहिणीसाठीं. ‘हू लिव्हज इन क्योटो’: ती राहते क्योटोला. असें मराठी आपण लिहिणार नाहीं, जपानी मनुष्यही असें जपानी लिहिणार नाहीं. लेखनांत स्वभाषेचा क्रम पाळलाच पाहिजे. समजून घेतांना मात्र परक्या वाक्याच्या चालीनें चालावें. जपानांत २०२० सालापासून पांचवी-सहावीच्या वर्गांत इंग्रजी हा विषय म्हणून शिकविला जाऊं लागला. आपल्या घरांतील मूल इंग्रजी धडा वाचतांना अडलें, तर त्याला शब्दाचा अर्थ सांगण्यापूर्वीं क्रियापद कोणतें आणि त्याच्या आधीं कोण बसलें आहे, एवढें विचारून पाहावें. पुष्कळदां अर्थ तें मूल स्वतःच सांगेल.